सुजातेचा अंगठा

सुग्रीवमामांनी माझी पिशवी विहाराच्या पायरीवर उपडी केली आणि तिच्यातून सव्वीस रिळं घरंगळत निघाली. एक हिरवं तर थेट चपलांच्या ढिगात गेलं.

"बघा," मामा म्हणाले. "दोरे. म्हणलं न्हवतं का म्या?"

मामा आमच्या दिंद्रुडच्या विहार समितीचे अध्यक्ष. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी माणसाकडं बघायची रीत तीच. समोरच्याकडं तिकीट नाही असं धरून चालायचं, आहे हे त्यानं सिद्ध करायचं. मी त्यांच्या भावकीतली सून, म्हणून माझ्याकडं तर दोन वेळा बघायचं.

"मामा, फॉल-पिकोची रिळं हायेत ती."

"मग फॉल-पिको दुकानात करायचा. भगवंताच्या फोटूसमोर दोरे धरून काय पुटपुटतीस?"

आता त्यांचंही सगळंच चुकलं होतं असं नाही. आमच्या आज्या-पणज्यांनी छप्पन साली गंडेदोरे तोडून टाकले. विहाराच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा निळ्या अक्षरांत लिहिल्यात. त्याच भिंतीच्या बाजूला एक सत्तेचाळीस वर्षांची बाई रोज दुपारी उभी राहते, एकेक रंगीत दोरा उंच धरते, एक डोळा मिटते आणि ओठ हलवते, हे कानावर आल्यावर मामांना जेवण कसं गोड लागेल? आणि पुटपुटत मी होतेच. रिळांचे आकडे. "चारशे बारा, त्यात चिमूटभर एकशे सात." बाहेरून ऐकणाऱ्याला तो मंत्रच वाटणार.

"मामा, मी चित्र शिकतेय. ह्या चित्राची नक्कल काढून."

"दोऱ्यानं?"

"रंग ओळखते दोऱ्यानं."

मामांनी एक रीळ उचललं, उजेडात धरलं, जुनी नोट पारखावी तसं दोन्हीकडून बघितलं आणि परत दिलं. "बघतो मी," म्हणाले. मामा असं म्हणाले की समजायचं, प्रकरण मिटलेलं नाही.

ते चित्र कचरू गुरुजींचं. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, औरंगाबादहून डिप्लोमा करून आलेले. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली. चित्र पंचवीस वर्षांपूर्वीचं, तैलरंगातलं, चार फूट बाय तीन फूट. त्यात सिद्धार्थ गौतम बसलेत, उपवासानं पार वाळलेले. बरगड्या जांभळ्या. चेहरा हिरवा, त्यात गालावर एक विटकरी फराटा, जणू कुणी रागानं ओढलाय. मागं आभाळ आहे की भिंत, कळत नाही. नुसते पिवळे-काळे रंग एकमेकांच्या अंगावर चढलेत. आणि अगदी पुढं, चित्राबाहेर येईल इतका मोठा, खिरीची वाटी धरलेला सुजातेचा हात. सुजाता दिसतच नाही. फक्त हात.

गावाला ते कधी आवडलं नाही. मूर्तीजवळून ते हळूहळू सरकत सरकत विहारातल्याच ग्रंथालयाच्या कपाटावर गेलं. "बुद्ध असा आजारी असतो व्हय?" मामा दर पौर्णिमेला म्हणायचे. मी एकदा म्हटलं, "मामा, तवा ते अजून बुद्ध झाले न्हवते." त्यावर त्यांनी माझ्याकडं जे बघितलं, ते चालत्या गाडीतून उतरवताना बघतात तसं होतं.

मला चित्रकला कुणी शिकवली नाही. दहावीनंतर लग्न, लग्नानंतर शिलाई, मग मशीन, मग फॉल-पिकोचं दुकान. पण बावीस वर्षं मी एकच काम मन लावून केलंय : साडीला दोरा जुळवणं. बाई म्हणते, "मोरपंखी द्या." मोरपंखी असं काही नसतंच. ट्यूबखाली एक असतं, उन्हात दुसरं. रीळ घेऊन बाहेर जायचं, साडीवर टाकायचं, डोळा मिटायचा. दोरा दिसेनासा झाला की जुळला. हे मला येत होतं. मोबाइलवर चित्र शिकवणारे लोक जे सांगायचे त्यातलं निम्मं समजायचं नाही, पण एक दिवस गुरुजींच्या चित्रावर सहज रीळ धरलं आणि गालावरचा हिरवा दोऱ्यात नाहीसा झाला, तेव्हा मला वाटलं, हे आपल्याला जमेल.

मग मी नक्कल करायला घेतली. मांजरपाट आणला, जुन्या खिडकीच्या चौकटीवर ताणून ठोकला, मापं टेपनं घेतली, सुतानं सूत. माजलगावहून रंगाच्या ट्यूबा आणल्या. अकरा ते साडेबारा गिऱ्हाईक नसतं, तेव्हा विहारात जायचं, रिळं जुळवायची, नंबर वहीत लिहायचे. घरी येऊन रंग असा कालवायचा की त्या रिळात मिसळून जावा. मूळ चित्र विहारात, नक्कल घरात, आणि मधे निरोप्या म्हणून दोरा.

नवऱ्यालाही संशय होताच. समाधान वायरमन आहेत. खांबावर चढलेल्या माणसाला गावातलं सगळं दिसतं.

"रोज अकराला शटर ओढून कुठं जाती म्हणं माझी बायको?"

"विहारात."

"वंदना सकाळी असती."

"चित्र बघायला जाते."

"पंचवीस वर्षं तिथंच हाय ते चित्र. आत्ताच कावून बघायचं?"

मी त्यांना स्वयंपाकघरामागच्या पडवीत नेलं आणि नक्कल दाखवली. बराच वेळ बघून ते म्हणाले, "हा माणूस आजारी हाय का?" मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. म्हणजे जमत होतं.

नक्कल करताना माणूस चोरासारखा बघतो. मालकानं कधी बघितलं नसेल इतकं. मला कळलं की गुरुजींनी काळा रंग कुठंच वापरला नाही; जे काळं दिसतं ते निळ्यात तपकिरी मुरवलेलं आहे. कळलं की बरगड्या कुंचल्यानं नाहीत, पातळ सुरीनं ओढल्यात, आणि तिसऱ्या बरगडीवर त्यांचा हात थबकलाय. सगळं सावकाश उमगत गेलं. फक्त सुजातेचा अंगठा उमगेना.

त्या अंगठ्याचं नख मधोमध उभं फुटलेलं होतं. दोन भाग, मधे काळसर भेग, आणि नखाखालचं मांस उंचवट्यासारखं वर आलेलं. ते मी कुंचल्यानं करून बघितलं, सुरीनं केलं, काडीनं केलं. सहा वेळा खरवडून पुन्हा केलं. रंग जुळत होता, पण मांस जिवंत होत नव्हतं. गुरुजींनी ते कशानं केलं असेल, हे काही केल्या कळेना.

मी त्या अंगठ्याकडं टक लावून बघत बसायची आणि पाठीमागं झाडू थांबायचा.

विहाराची किल्ली पारूमावशीकडं. कचरू गुरुजींची बायको. सत्तरीच्या, ताठ, कमी बोलणाऱ्या. झाडणं, दिवाबत्ती, फुलं, सगळं त्यांच्याकडं. मी आले की त्या आधीच झाडलेली जागा पुन्हा झाडायच्या.

"झालं का बघून?"

"जरा राहिलंय, मावशी."

"हातात काय एवढं बघायचं? तोंड बघावं भगवंताचं."

"तोंड झालं. हात जमंना."

"मग सोड की," असं म्हणून त्या माझ्या पायाजवळून झाडू असा फिरवायच्या, की पाय उचलावाच लागायचा. दोऱ्यांची बातमी मामांपर्यंत त्यांनीच पोचवली असणार, अशी माझी खात्री होती. विहारात त्या वेळेला तिसरं कोण असायचं?

पिशवीची झडती झाली त्यानंतरच्या सोमवारी मी एकशे एकोणनव्वद नंबरचं रीळ अंगठ्यावर धरलं आणि ते दिसलं. म्हणजे रंग जुळला नाही. वहीत बघितलं. नखाची भेग : एकशे एकोणनव्वद. माझंच अक्षर. रीळ दारात नेलं, उन्हात बघितलं, तेच. परत चित्रावर धरलं. भेग फिकी झाली होती. वरच्या टोकाला तर बुजलीच होती.

आपलेच डोळे असतील, असं म्हणून मी गप्प बसले. पण त्या रात्री पुन्हा वही काढली आणि नंबर तपासला. तोच. कुणीतरी चित्राला हात लावत होतं. आणि गावात तैलरंग कुणाच्या घरात आहेत, असं कुणी विचारलं, तर शेंबडं पोरगंही माझं नाव सांगेल : आम्रपाली.

मला मामांचा संशय आला. का येऊ नये? त्यांना ते चित्र काढून तिथं छापील, गोरा, हसरा फोटो लावायचा होता. चित्र थोडं थोडं बिघडवायचं, मग म्हणायचं, बघा, आम्रपालीनं वाट लावली. एका दगडात दोन्ही कामं. एकतीस वर्षं लोकांची लबाडी पकडणाऱ्याला एखादी लबाडी करायला अवघड काय? आठवडाभर मी मामांच्या नखांकडं बघत राहिले, रंग दिसतो का म्हणून. मामा माझ्या पिशवीकडं बघत राहिले. जयभीम घालताना दोघांचेही डोळे खाली.

पुढच्या मंगळवारी मी गेले, तर नख धडच झालेलं. भेग नाही, उंचवटा नाही. गुळगुळीत, बदामी, नेलपॉलिशच्या जाहिरातीतलं नख. आणि अळशीच्या तेलाचा वास. ओला.

मी खुर्चीवर चढले आणि बोट लावलं. बोटाला रंग आला.

"उतर खाली," दारातून मामा म्हणाले.

मी वळले. बोट तसंच वर.

"मामा, हे मी न्हाई—"

"बोट दाखव."

काय दाखवायचं? ते दिसतच होतं.

अर्ध्या तासात समिती जमली. मामा आणि आणखी तिघं. समाधानना खांबावरून बोलावलं, घरून माझी नक्कल आणवली. ते बिचारे चौकट डोक्यावर धरून गावातून आले. बरगड्यांचे भगवंत मुख्य रस्त्यानं चालत येताना बघून किराणा दुकानातले लोकही मागं आले आणि दारात थांबले. दोन्ही चित्रं भिंतीला टेकवून शेजारी शेजारी ठेवली. मामांनी हात पाठीमागं बांधले आणि ह्या चित्राकडून त्या चित्राकडं अशा चार फेऱ्या मारल्या.

"ह्यातलं आपलं कोणतं?" मामांनी विचारलं.

तिघं दोन्ही चित्रांपाशी वाकले.

"फ्रेमवालं आपलं," समितीतला एकजण म्हणाला.

"फ्रेम काय, बदलता येती."

"मामा," मी म्हणाले, "माझं मांजरपाटावर हाय. मागून बघा की."

"मागून बघू न्हाई तर पुढून. पंचवीस वर्षं समोर होतं, कुणालाच आठवंना का?" मामांचा आवाज चढला. मला वाटतं ते स्वतःवरच चिडले होते. "ह्याच्यात नख फुटकं हाय. त्याच्यात धड हाय. मूळचं कसं होतं? सांगा कुणीतरी."

कुणालाच आठवत नव्हतं. पंचवीस वर्षांत त्या हाताकडं कुणी बघितलंच नव्हतं. मला त्या क्षणी भीतीपेक्षा गुरुजींचीच कीव आली.

"सूनबाई," मामा म्हणाले, "सरळ सांग. तू नखाला हात लावला का न्हाई? लावला असंल तर इथून पुढं विहारात वंदनेपुरतं यायचं. चित्राकडं फिरकायचं न्हाई. तुझी नक्कल बी इथं जमा."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझी नजर दाराकडं गेली. लोकांच्या मागं पारूमावशी उभ्या होत्या. डाव्या हातात झाडू. मावशी झाडतात उजव्या हातानं. आणि तो डावा हात मी इतकी वर्षं पदराखालीच बघितला होता. आज घाईत तो बाहेर राहिला होता. झाडूच्या दांड्यावर अंगठा होता. नख मधोमध उभं फुटलेलं, खालचं मांस वर आलेलं. पदराच्या काठाला बदामी डाग.

मी त्या अंगठ्याची सहा वेळा नक्कल केली होती. ओळखायला मला रीळ लागलं नाही.

आता बोलायचं होतं ते एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य बोलले असते तर चित्र माझं राहिलं असतं, दुपार राहिली असती, नाव राहिलं असतं. मावशींनी माझ्याकडं बघितलं आणि अंगठा मुठीत घेतला.

"लावला मामा हात," मी म्हणाले. "मीच लावला."

समाधाननी माझ्याकडं असं बघितलं, जणू वीज नाही असं समजून तारेला हात लावला आणि वीज निघाली.

"बघा," मामा म्हणाले. पण त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. माणूस इतक्या लवकर कबूल झाला की कंडक्टरला उलट संशय येतो.

"तिनं काय लावला?" मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. "बोट लावलं, एवढंच. रंग म्या लावला. आमच्या मालकांच्या ट्रंकेत ट्यूबा होत्या. वाळलेल्या. तोंड कापून आतला काढला."

"तू? कावून पण?"

"अंगठा माझा हाय."

मावशी पुढं आल्या. लोक आपोआप बाजूला झाले.

"त्यो औरंगाबादला चित्रं काढायला शिकत होता तवा म्या कारखान्यावर उसाच्या मोळ्या बांधीत होते. एकदा कोयता निसटला. नख असं वाढलं. ह्यो शिकून आला, नोकरी लागली, मास्तर झाला, आन् काय काढलं? तर हे. भगवंताला खीर देणाऱ्या हाताला माझं थोटकं नख! म्या म्हणलं, 'पुसा.' हसला नुसता. पंचवीस वर्षं वाटतंय, थट्टा केली ह्या माणसानं माझी. कुणी बघत न्हवतं तवर ठीक होतं." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ही आली. रोज आपलं टक लावून बघती. आता दुसऱ्या चित्रात बी तसंच काढती. उद्या तिसऱ्यात. म्हणलं, बुजवून टाकावं."

मामांनी घसा खाकरला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ओला हाय अजून," मी हळूच म्हणाले. "आत्ता पुसला तर निघंल. खालचा पंचवीस वर्षांचा हाय, पक्का. आठ दिवसांनी मात्र निघायचा न्हाई. मावशी, तुमी सांगा. ठेवायचा तर ठेवू."

मावशींनी वाकून धड नखाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "लई घाण काढलंय म्या. केळ्यावाणी दिसतंय." आणि तोंड फिरवून, "पूस. मला बघायचं न्हाई." दाराच्या बाहेर पायरीवर जाऊन पाठमोऱ्या बसल्या.

समाधान घरून टर्पेंटाइनची बाटली घेऊन आले. मी सुती चिंधीचा कोपरा भिजवला, पिळला आणि अलगद फिरवला. मामा माझ्या खांद्यावरून वाकून, श्वास माझ्या कानावर सोडत, काही चोरून नेते का ते बघत होते. बदामी रंग चिंधीवर आला. भेग दिसली. उंचवटा वर आला. आणि मग एक गोष्ट झाली, जी इतक्या दुपारी बघूनही मला दिसली नव्हती.

वरचा रंग पुसला गेला, पण खालच्या रंगात जे बारीक खळगे होते त्यांच्यात तो तसाच राहिला. आणि त्या खळग्यांच्या रेघा झाल्या. गोल, एकात एक, पाण्यात खडा टाकल्यासारख्या. नखाखालच्या त्या मांसावर.

"हे काय हाय?" मामांनी विचारलं.

मला कळलं होतं. कुंचला नाही, सुरी नाही, काडी नाही. गुरुजींनी ओल्या रंगात आपला अंगठा दाबला होता. बायकोचा अंगठा त्यांनी स्वतःच्या अंगठ्यानं केला होता, आणि सांगितलं मात्र कुणालाच नव्हतं.

"मावशी," मी हाक मारली. "आत या."

"न्हाई म्हणलं ना."

"एकदा या. मग पुन्हा बुजवायचा तर मी बुजवून देते, केळ्यावाणी दिसणार न्हाई असा."

त्या आल्या. मी सांगितलं. त्यांनी डोळे बारीक केले, चित्राच्या अगदी जवळ गेल्या. मामा म्हणाले, "कशावरून त्याचाच? दुसऱ्या कुणाचा बी असंल." त्यांच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

मावशींनी हात पुढं केला. चित्राला लावला नाही. बोटभर अंतरावर आपला फुटका अंगठा धरला, मी रीळ धरते तसा, आणि ह्या अंगठ्याकडून त्या अंगठ्याकडं बघत राहिल्या.

"मग सांगायचं तरी," त्या चित्राला म्हणाल्या. जोरात नाही. नवऱ्याशी बोलतात त्या आवाजात, अर्धा रागाचा आणि अर्धा सवयीचा. "तोंड न्हवतं का?"

समितीनं मग काही ठरवलं नाही. मामा फक्त म्हणाले, "उद्यापासनं पिशवी दाखवून आत यायचं," आणि निघून गेले. समाधान माझी नक्कल डोक्यावर घेऊन उभेच होते. "न्यायची का ठेवायची?" म्हणाले.

"न्या," मी म्हणाले. "अंगठा राहिलाय."

घरी येऊन मी नक्कलेवरचं सातव्यांदा सगळं खरवडलं. बदामी, विटकरी आणि थोडा निळा कालवला, मांजरपाटावर जाड थर दिला. अंगठा टेकवायला नेला, आणि थांबले. माझं बोट मऊ, सुईचं, त्यात ना कोयता ना काही. ह्या बाईच्या हाताला माझा ठसा लावायचा मला काय अधिकार, असं वाटलं.

दुकानाकडं गेले. पारूमावशी शटरपाशी उभ्या होत्या. डावा हात उघडा.

"रंग अंगाला चिकटतो का गं?" त्यांनी विचारलं.

"रॉकेलनं निघतो."

"किती येळ लागंल?"

"एकदा दाबायचं, बास."

त्यांनी माझ्याकडं एकदा, माझ्या हातांकडं एकदा बघितलं, जणू मी कशात तरी फसवणार आहे. "एकदाच," म्हणाल्या, आणि माझ्या पुढं होऊन माझ्याच घराकडं चालायला लागल्या.